डाव्या चाकाखालचं लिंबू

नव्या सांगाड्याच्या उजव्या चाकाखालचं पूजेचं लिंबू फुटून रस वाळूवर उडाला. डाव्या चाकाखालचं फुटलं नाही. ते अख्खंच जमिनीत दाबलं गेलं आणि तिथे बशीएवढा खळगा पडला. म्हणजे खाली जमीन पोकळ होती. वडिवू खळग्याकडे पाहत राहिली.

महाबलीपुरमच्या त्या आवारात मूर्तींचे दगड आजवर ताडाच्या तिपायी घोडीने उचलत. दगड हवेत असताना एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी त्या हाकेवर हात चालवायचे. हाक तणिकाचलम स्थपतींची. दगडाच्या धुळीने त्यांचा घसा बसत चालला होता, तरी पुढची हाक कोणाची ते सांगत नव्हते. त्यांची थोरली लेक वडिवू ती हाक आपलीच असं धरून चालली होती. मग धाकटीचा नवरा अरसू आला आणि त्याने बोअरवेलचे पाइप नि भंगारातली लॉरीची चाकं जोडून दगड उचलायचा हा उंच सांगाडा उभा केला.

"अक्का, नजर नका लावू. रंग ओला आहे अजून," अरसू म्हणाला.

"रंग ओला की जोड कच्चे?"

"जावईबापूंनी घोडीला पेन्शन दिली," म्हातारा चिन्नय्या म्हणाला, तशी सगळी हसली. त्या घोडीचे पाय वडिवूने स्वतः तासले होते.

रिकामा सांगाडा लिंबांवरून पुढे जाऊन नंदीसाठीचा दगड दोन्ही चाकांच्या मधे घेऊन उभा राहिला. परतीची वाट त्याच खळग्यावरून होती. एक शब्द पुरला असता. रुतू दे, सगळ्यांना दिसू दे, असं तिच्या मनात आलं.

"ओढा," अप्पांची बसकी हाक आली. दगड जमिनीवरून उचलला गेला. "ढकला."

डावं चाक खचलं. सांगाडा कलला, दगड झोका घेत अरसूच्या खांद्याकडे आला.

"थांबा!" वडिवू ओरडली.

सगळे हात जागच्या जागी थांबले. अरसूने चाकाखाली फळी सारली आणि दगड हळूहळू खाली उतरवला.

"अक्का, तुम्ही नसता तर आज माझाच नंदी झाला असता!"

"हाक असावी तर अशी," चिन्नय्या म्हणाला.

वडिवूने अप्पांकडे पाहिलं. ते खळग्यापाशी बसले होते. बोटांनी उकरून त्यांनी अख्खं लिंबू बाहेर काढलं.

"हे तू मघाच पाहिलंस."

"दगड हवेत असताना बोलायचं नसतं, अप्पा."

"तेव्हा दगड जमिनीवर होता."

लिंबू तिच्या हातात ठेवून ते उठले आणि माणसांकडे वळले.

"आजपासून हाक अरसूची."