रतनबाईंचे संथ टोल

मित्रांनो, ज्या गावाने आगगाडी कधी पाहिली नाही, त्या गावात कडुलिंबाला टांगलेला मी एक जुना रूळ आहे. पुरता रूळही नव्हे, हातभर तुकडा. केजहून जीपने आलात, फाट्यावर उतरून आप्पारावांचे हॉटेल ओलांडले, की प्रार्थनामंदिर लागते. त्याच्या दारातला काळा लोखंडी म्हातारा, तोच मी.

तरुणपणी मी परळीच्या लोहमार्गावर होतो. माझ्यावरून निजामाच्या काळात एक खास गाडी जायची. तिच्यात माणसे नसत, नुसते आंबे, आणि प्रत्येक आंब्याला वारा घालायला एक शिपाई. तुम्ही हसाल. हसा. पण लोखंड खोटे बोलले तर गंजते, आणि माझ्यावरचा गंज फक्त पावसाचा आहे.

मार्ग दुरुस्त झाला तेव्हा मला कापून टाकून दिले. तिथून मला उचलले पाळक योनाथान भिंगारदिवे यांनी. ते नगरकडून नवेच या गावात आले होते आणि घंटा घेण्याची ऐपत मंडळीची नव्हती. सायकलच्या दांडीला बांधून त्यांनी मला आणले. वाटेत मी असा वाजत आलो की मागे बकऱ्यांचा कळपच लागला. ख्रिस्ती गुरूला पाळक म्हणतात हे गावाला तेव्हाच पटले.

माझी भाषा सोपी होती. रविवारी उपासनेला बोलवायचे तर भराभर टोल: टण, टण, टण. कोणी गेले तर मयताचे टोल. एक टोल द्यायचा, मनात प्रभूची प्रार्थना पूर्ण म्हणायची, मग दुसरा. पाळकसाहेब सायकलवर वाड्यावस्त्या फिरत, म्हणून टोल देण्याचे काम त्यांच्या पत्नी रतनबाई यांच्याकडे आले आणि त्यांच्याकडेच राहिले. त्यांच्या हातात जाडजूड बोल्ट असे. माझा पहिला टोल माजलगावच्या धरणात पडला तेव्हा मासे रांगेत उभे राहिले. धरण तेव्हा बांधलेले नव्हते असे कोणी म्हणेल. मासे तर होते ना?

एक गोष्ट मात्र सरळ सांगतो. किल्लारीच्या भूकंपाच्या पहाटे मी कोणी हात न लावता वाजलो. ही अगदी खरी गोष्ट, आणि नेमकी तीच कोणी मानत नाही.

त्यानंतर दिवस बदलले. पोरे पुण्याला, औरंगाबादला कारखान्यांत गेली. घरांवर छत्रीसारख्या तबकड्या उगवल्या आणि रविवारी सकाळी, उपासनेच्याच वेळेला, टीव्हीवर देवादिकांच्या मालिका लागू लागल्या. मी बोंबलून बोलवी, पण सतरंज्या रिकाम्याच राहत. मग शहरातल्या पोरांनी भोंगा पाठवला आणि परदेशी घंटांची एक कॅसेट. मला वाटले, झाले. आता मला कोण विचारतो? मी रात्रंदिवस फांदीवर धास्तावून लटकत होतो. वारा आला तरी वाटे, मला उतरवायलाच कोणी आले.

त्यातच बातमी आली की पाळकसाहेब निवृत्त होणार. येत्या रविवारी त्यांची शेवटची उपकारस्तुती, म्हणजे आभाराची उपासना. त्या आठवड्यात माझ्याहून जास्त कोणी घाबरले असेल तर ते पाळकसाहेब. शनिवारी दुपारी ते माझ्याखालच्या दगडावर बसले.

"रतन, कोण येईल गं उद्या?"

"मी येते ना," रतनबाई तांदूळ निवडत म्हणाल्या.

"तू घरचीच. सगळी हयात या लोकांच्या भाकरीवर काढली. आभार न मानता निघालो तर वाटेत घास उतरायचा नाही. पण रिकाम्या सतरंज्यांचे आभार कसे मानू?"

"माझे माना. मीपण मंडळीच आहे तुमची."

पाळकसाहेब हसले नाहीत. मित्रांनो, मराठीत बायकोलाही मंडळी म्हणतात, हा विनोद त्यांना एरवी लई आवडायचा.

रविवार उजाडला. दार उघडले, सतरंज्या अंथरल्या, आणि त्यांवर फक्त दोन म्हाताऱ्या टेकल्या. पाळकसाहेब आत भाषण पाठ करत येरझारा घालू लागले. भोंगा सुरू केला, तर घंटांची रीळ गुंतली आणि गावभर बोकड खोकल्यासारखा आवाज गेला. मी मनात हसलो. पण आता सगळे माझ्यावर होते.

रतनबाईंनी बोल्ट उचलला. पहिला टोल दिला आणि हात थांबला. त्या माझ्याजवळ तोंड आणून, नजर बुद्धवाड्याकडे ठेवून पुटपुटल्या, "दगडाबाई, पहिल्या दिवशी तुम्ही घागरभर पाणी दिलं. प्रभू तुमचं भलं करो." मग दुसरा टोल. पुन्हा एका घराचे नाव, पुन्हा त्याचे उपकार. डोळे पुसायचे आणि मग पुढचा. एकेका घराला एकेक टोल. अहो रतनबाई, भराभर मारा, हे तर मयताचे टोल होतायत! पण रुळाला बोलता येत नाही, त्याला जसे मारावे तसेच वाजावे लागते.

गावात मालिका बंद झाल्या. दारे उघडली. आप्पाराव पेटता स्टोव्ह सोडून हार घेऊन धावले. बुद्धवाड्यातून दगडाबाई लेकीसुनांना घेऊन, डोक्यावर पदर ओढून रडतच आल्या. बाजाराहून येणारी जीप फाट्यावर थांबली आणि तिच्यातून म्हणे चाळीस माणसे उतरली. जीप केवढी ते विचारू नका.

टोल ऐकून पाळकसाहेबही बायबल काखेत मारून घाईने बाहेर आले. "कोण गेलं?" त्यांनी समोरच्या आप्पारावांना विचारले.

आप्पारावांनी हातातल्या हाराकडे पाहिले. "तुमीच की, साहेब."

"मी?"

"मग तुमच्या निरोपाच्या दिवशी मयताचे टोल कावून दिले?" दगडाबाईंनी पदर मागे सारला. "निम्मं रडून झालं माझं. आता हे कुणाच्या नावावर टाकू?"

रतनबाई बोल्ट हातात धरून तशाच उभ्या होत्या. "मी आभार मानत होते," त्या हळूच म्हणाल्या. "हात मागं पडला."

पाळकसाहेबांनी अंगणभर नजर फिरवली. आपल्या मयताला कोण कोण येईल हे जिवंतपणी पाहिलेला माणूस मी तो एकच पाहिला. पाठ केलेल्या भाषणातला एक शब्द त्यांना आठवेना.

"आप्पाराव," ते म्हणाले, "तुमच्या हॉटेलात माझी कपबशी कधी वेगळी नव्हती."

आप्पारावांनी मान खाली घातली. "पयल्या वर्षी व्हती, साहेब. मंग फुटली."

"फुटली का फोडली?"

"आता काय की. पर पुन्ना आणली न्हाई."

"त्याचेच आभार," पाळकसाहेब म्हणाले. मग एकेकाकडे वळून ते बोलत राहिले. शेवटी ते माझ्यापाशी आले आणि थांबले. "राहिली मंडळी," म्हणाले, आणि रतनबाईंच्या हातातला बोल्ट त्यांनी स्वतः घेतला. "रतन, सगळ्यांना बोलवलंस तू. मी फक्त बोललो." मग त्यांनी मला भराभर टोल दिले, टण, टण, टण, आणि सगळे गाव चपला काढून आत गेले. सतरंज्या पुरल्या नाहीत.

आप्पारावांचा हार वाया गेला नाही. तो पाळकसाहेबांनी रतनबाईंना घातला, आणि रतनबाईंनी जाताना माझ्या साखळीला.

ते दोघे नगरला गेले. नवे पाळक तरुण आहेत, भोंगा दुरुस्त झाला आहे, आणि माझी साखळी एका कडीपाशी झिजत चालली आहे. वारा सुटला की मला अजून धास्ती वाटते. बोल्ट दगडाबाईंनी आपल्या चुलीमागे जपून ठेवला आहे, एवढाच धीर.

मित्रांनो, कधी इकडे आलात तर माझ्या साखळीला थेंबभर तेल द्या. आणि तुमच्या गावात कोणाचे आभार मानायचे राहिले असतील, तर त्याच्या दारी आजच जा. भराभर जा. संथ टोल ऐकून धावलात तर दारात तो स्वतः येऊन "कोण गेलं?" असे विचारील, याचा भरवसा नाही; ते फक्त आमच्याच गावात, एकदाच घडले. आणि ही गोष्ट खरी आहे.