दोन प्रोग्रॅम, एक कॅमेरा

"आई, हे दोन्ही एकत्र नांदत नाहीत," धाकट्याने जाहीर केलं. "माझा ऑफिसचा चॅट प्रोग्रॅम आणि तुझा जुना एकदम उघडले की कॅमेरा कोणालाच मिळत नाही. जुना काढून टाकतो. काकूला नवा घ्यायला सांग."

आईचा पारा चढला. तिची थोरली जाऊ पंच्याहत्तरीची. तो जुना प्रोग्रॅम शिकायलाच तिला सहा महिने लागले होते. आता कुठे रोज सकाळी दोघींच्या गप्पा रंगायला लागल्या होत्या.

"हात तर लावून बघ! नांदत नाहीत म्हणे! आम्ही दोघी जावा एका ओट्यावर वीस वर्षं नांदलो. आधी ती, तिचं आवरलं की मी."

"आई, हे मशीन आहे."

"मग माणसांपेक्षा सोपंच असेल."

तो तणतणत अंघोळीला गेला. तिने चष्मा चढवला आणि एकेक सेटिंग धुंडाळलं. दोन्ही प्रोग्रॅमपुढे एकच खूण होती: कॉम्प्युटर लागताच आपोआप सुरू व्हा. म्हणजे दोघंही एकदमच ओट्याशी! तिने मुलाच्या प्रोग्रॅमची खूण काढली आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला.

तो बाहेर आला तेव्हा पडद्यावर काकू खळखळून हसत होती.

"आई, नऊला माझी मीटिंग आहे! माझा प्रोग्रॅम कुठाय?"

"आहे तिथेच आहे. आमचं आवरलं की उघड," ती मान न वळवता म्हणाली. "आणि आवरलं की नाही, ते आम्ही ठरवू."