पाणी न गळणारे बूट

राधाकिशन शेटनं बुटात तांब्याभर पाणी ओतलं, नाडीला धरून तो वर उचलला आणि वडवणीच्या बाजारात जमलेल्या माणसांच्या तोंडासमोरून सावकाश फिरवला. एक थेंब गळाला नाही.

"बघा! मोटेसारखा हाय, मोटेसारखा! जालन्याच्या छावणीतनं उतरलेला माल. गोऱ्या सोजिरांनी हे घालून बर्फात लढाई केली. तुमच्या चिखलाची काय मिजास?"

सारजा कडेवरच्या पोरीला सावरत पुढं सरकली. तिनं बुटाच्या तळाला बोट लावलं. कोरडं. शिवणीवरून बोट फिरवलं. तीही कोरडी. तिच्या माहेरी मोटेची विहीर होती. नवी मोट आली की तिचा बाप ती पाण्यानं भरून लिंबाच्या फांदीला टांगायचा आणि दिवसभर खालची माती कोरडी राहिली तरच चांभाराला शाबासकी द्यायचा. सासरी मेंढरांमागं पखाल असायची, तिचीही परीक्षा तीच. पाणी धरील ते कातडं चांगलं. याहून वेगळी कसोटी तिला कुणी शिकवलीच नव्हती.

"वैनी, धनी तालुकदार झाला का काय?" मागून कुणीतरी म्हणालं आणि माणसं हसली.

सारजा हसली नाही. तिच्या डोळ्यांपुढं गेल्या वर्षीचा भादवा होता. थोरला दीर बिभीषण मेंढरं घेऊन डोंगरावर होता. आठ दिवसांची झड लागली. भिजून भिजून पायांच्या बोटांत चिखल्या झाल्या, तळवे भाकरीच्या पिठासारखे मऊ पडले. एका रात्री मेंढरं बुजली म्हणून तो अनवाणीच उठून धावला आणि बाभळीचा काटा तळव्यात आरपार गेला. काटा लागल्यापासून आठव्या दिवशी दातखीळ बसली. त्याला खाली आणला तेव्हा त्याच्या तोंडात पाणी घालायला सारजाच बसली होती, आणि पाणी ओठांवरून परत येत होतं. यंदा त्याच डोंगरावर, त्याच मेंढरांमागं तिचा नवरा सुग्रीव जायचा होता. पोरगी अजून बसती झाली नव्हती.

तिनं आपल्या हातानं कातलेल्या लोकरीच्या दोन काळ्या घोंगड्या शेटपुढं टाकल्या आणि बूट उचलले.

गावात शिरताना पहिलं घर धोंडीराम चांभाराचं. म्हातारा दारात बसून मोटेला ठिगळ लावत होता. तिच्या हातातले बूट बघून त्यानं आरी खाली ठेवली.

"आण बघू."

त्यानं बूट उलटासुलटा केला, टाचेवर टिचकी मारली, शिवण नाकाजवळ नेऊन बघितली. "लई भारी काम हाय, सारजे. असला टाका मला न्हाई येत. खोटं कशाला बोलू?" मग बुडाजवळ बोट टेकवून म्हणाला, "पण बुडाच्या वर, हितं अंगाला, दोन दोन भोकं पाडून देऊ का?"

"भोकं? चांगल्या बुटाला?"

"वरनं पाणी जायचंच की बाई. ओढा असतोय गुडघाभर, हा बूट घोट्याच्या वर चार बोटं. आत गेलेलं पाणी निघंल कुठून? मोटेचं काम पाणी धरायचं. पायताणाचं काम पाणी सोडायचं."

सारजानं बूट त्याच्या हातातून घेतला. म्हाताऱ्याच्या वहाणा दरसाल सुग्रीवच्या पायात असायच्या आणि त्यापायी दरसाल एक कोकरू म्हाताऱ्याच्या दावणीला जायचं. त्याला भोकं का पाडायची आहेत, ते तिला लख्ख दिसलं, किंवा दिसलं असं वाटलं.

"काका, तुमचं बलुतं तुमाला पोचंल. त्येची काळजी नगा करू."

धोंडीरामनं तिच्याकडं बघितलं. आरी उचलली आणि पुन्हा मोटेत घातली. "तसं असंल तर ने बाई," एवढंच तो खाली मान घालून म्हणाला.

सुग्रीवला बूट बघून हसूच आवरेना. अंगणात तो फौजदारासारखा छाती काढून दोन फेऱ्या मारून आला. "च्यायला, पायात दोन खोल्या बांधल्यागत वाटतंय! आई, बघ, तुझा लेक कसा दिसतोय?"

"चोरलेल्या घोड्यावर बसल्यागत," सासू ताराबाई चुलीपासून म्हणाली. "सारजे, ह्यो पहिल्याच दिशी काढून झाडाला टांगतोय का न्हाई बघ."

ते हसण्यावारी गेलं, पण सारजाच्या मनात रुतलं. सुग्रीवचा स्वभावच तसा. अंगात काही अडकलं, टोचलं की तो ते भिरकावून द्यायचा. लग्नातलं पागोटंसुद्धा त्यानं वरातीत काढून करवलीच्या हातात दिलं होतं. निघायच्या दिवशी तिनं त्याला दारातच अडवलं, पोरगी त्याच्यापुढं धरली आणि त्याचा हात धरून तिच्या टाळूवर ठेवला.

"शिवकन्येची आण हाय. घरी येईस्तवर बूट पायातनं काढायचे न्हाईत. निजतानाबी न्हाई. भाऊजी निजेतनंच उठलते."

"अगं, यवढ्याशा गोष्टीला लेकराची आण घालत्यात व्हय?"

"यवढीशी न्हाई ती."

सुग्रीवनं पोरीकडं बघितलं. ती त्याच्या मिशा धरायला हात उंचावत होती. "बरं," तो म्हणाला. "न्हाई काढत."

सारजाला त्या रात्री खूप दिवसांनी झोप लागली.

झड भादव्याच्या दुसऱ्या आठवड्यात लागली. पाऊस जोराचा नव्हता, पण थांबतही नव्हता. वर आभाळ, खाली चिखल, मधे वारा. चुलीतली लाकडं धुपायची आणि पोरीची दुपटी वाळायची नाहीत. सारजा दर तासाला दारात जाऊन डोंगराकडं बघायची. डोंगर दिसायचा नाही. पण या वर्षी ती परत फिरून कामाला लागायची. बूट आहेत, काटा लागायचा नाही, पाणी शिरायचं नाही, असं ती स्वतःशीच घोकायची.

पाचव्या दिवशी सकाळी गहिनीनाथ पीठ न्यायला खाली आला. तो सुग्रीवचा चुलतभाऊ, दोघांच्या मेंढरांची वाघर, रात्री कोंडायची जाळी, एकच. दारात घोंगडीची खोळ झटकून तो उभा राहिला, पण आत येईना.

"वैनी, तुमी काय आण घातली का त्याला?"

"कावून?"

"बूट काढत न्हाई तो. झडीच्या पहिल्याच दिशी ओढ्यात पाय गेला आन दोन्ही बूट भरले. म्हणलं, काढ बे, पाणी वत. तर म्हणतो, लेकराच्या डोक्यावर हात ठिवलाय. तवापासनं तसाच. पाय सुजल्यात, नाडी मांसात रुतलीया. रातच्याला दात खाऊन पडतो. चालला की पचक पचक वाजायचं. कालपासनं वाजायचंबी बंद झालंय."

"पाणी गेलं व्हय?" सारजानं आशेनं विचारलं.

"चालतच न्हाई तो आता."

सारजा खाली बसली. तिच्या कानात धोंडीरामचं बोलणं नव्हतं, काहीच नव्हतं. फक्त एवढंच कळत होतं, की डोंगरावर एक माणूस आपले पाय पाण्यात घालून बसला आहे आणि ते पाणी तिनं त्याच्या पायाला बांधून दिलं आहे.

"त्यांना सांगा, आण सुटली म्हणून. मी सांगितलं म्हणा."

"सांगून सुटत न्हाई." ताराबाई उठली. एक लेक गेलेल्या बाईच्या चेहऱ्यावर घाबरायलाही जागा उरलेली नसते, तसा तिचा चेहरा होता. "आण घातलीस तू, सोडवायचीबी तूच. आन पोरीच्या डोक्यावर ठिवलेला हात पोरीच्या डोक्यावरनंच उतरवावा लागतोय. न्हाईतर तो बूट काढायचा न्हाई. मी वळखते त्याला. घे तिला."

"ह्या पावसात? हिला?"

"मग कुणाला?"

सारजानं पोरीला दोन दुपट्यांत गुंडाळलं, पोटाशी बांधलं आणि वरून ताराबाईची जाड घोंगडी घेतली. गहिनीनाथ पुढं, ती मागं. चढावर पाय मागं घसरत होते. वाटेत तीनदा तिनं घोंगडीत हात घालून पोरीच्या नाकापुढं बोट धरलं. श्वास ऊन लागला की दहा पावलं चालायची, पुन्हा थांबायची. वर डोंगरावर नवरा आणि पोटाशी लेकरू, आणि दोन्हीकडं एकदम बघता येत नाही, याचा तिला राग येत होता. कुणाचा, ते कळत नव्हतं.

सुग्रीव एका कपारीला टेकून बसला होता. अंगात ताप होता. पाय सरळ पसरलेले, बुटांवर चिखलाचा थर.

"कशाला आलीस? पोरीला पावसात आणतीस व्हय?" तो ओरडला, पण आवाज फुटला नाही. मग हळूच म्हणाला, "हिला काय झालं तर न्हाई? ताप-बीप?"

"काय न्हाई. बरी हाय."

"एकदा रातच्याला गाठ सोडलती मी. एकच. लगी ही डोळ्यांपुढं आली. परत बांधली. त्येचं काय व्हत न्हाई ना?"

सारजानं पोरीला त्याच्यापुढं उघडी केली, त्याचा तापलेला हात तिच्या टाळूवर ठेवला आणि उचलला. "सुटली," ती म्हणाली. पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला. "सुटली. सुटली." पोरगी गार वाऱ्यानं किंचाळली. सुग्रीवनं डोळे मिटले आणि त्याचे खांदे एकदम खाली आले.

नाडीची गाठ सुटायची नव्हतीच. गहिनीनाथनं लोकर कातरायची मोठी कातर आणली आणि घोट्यापासून बूट चिरला. आतलं पाणी भळकन बाहेर आलं. चहाच्या रंगाचं, कुजक्या वासाचं. चार दिवसांत त्यातला एक थेंब त्या शिवणीनं सोडला नव्हता. पाय बाहेर आला तो पाय वाटेना. पांढराफटक, सुरकुतलेला, फुगलेला, आणि बोटं जांभळी-काळी. सारजानं अंगठा चिमटीत धरला.

"दुखतंय का?"

"न्हाई," सुग्रीव म्हणाला. "आता बरं हाय. कालपासनं काहीच दुखत न्हाई."

सारजानं गहिनीनाथकडं बघितलं. त्यानं मान फिरवली. मेंढराचा पाय असा झाला की त्याचं काय करायचं, ते दोघांनाही ठाऊक होतं.

घोंगडीच्या झोळीत घालून आसपासच्या कळपांवरच्या चौघांनी त्याला खाली आणलं. वडवणीच्या हकिमानं पाय शेकायचे नाहीत, चोळायचे नाहीत, नुसते कोरडे ठेवायचे असं सांगितलं, आणि तो रोज येऊन बसायचा. पाय ऊन झाले तसं दुखणं परत आलं, आणि सुग्रीव उशी दातात धरून ओरडला. दसऱ्याच्या आत उजव्या पायाची पाचही बोटं गेली, डाव्याची दोन. जीव राहिला. लोक ताराबाईला म्हणायचे, नशीब बरं म्हणायचं. ताराबाई म्हणायची, "व्हय."

सुग्रीव सारजाला एका शब्दानं बोलला नाही. उलट कुणी आलं की सांगायचा, "बूट लई मजबूत व्हते, बरं का. कातर चालंना." ते ऐकून ती आत निघून जायची. शिव्या दिल्या असत्या तर तिला उभं राहता आलं असतं.

दिवाळीनंतर डोंगरावरचं गवत संपलं. मेंढरं खाली, कापणी झालेल्या रानांत हिंडवायची वेळ आली. एकट्या गहिनीनाथला दोन्ही कळप आवरणं शक्य नव्हतं. सारजा धोंडीरामच्या दारात जाऊन उभी राहिली. म्हाताऱ्यानंच कोळसा घेतला, "ठिव पाऊल" म्हणाला, आणि तिसऱ्या दिवशी तरवडाच्या सालीत कमावलेल्या कातड्याच्या उघड्या वहाणा घरी आणून दिल्या. त्यांना करडईचं तेल पाजून आणलं होतं. त्या वर्षीचं कोकरू मात्र त्यानं घेतलं नाही. न्यायला सांगितलं तर म्हणाला, "राहू दे. पुढल्या साली बघू."

निघायच्या सकाळी पोरगी पाठीला बांधून सारजानं काठी घेतली. सुग्रीव टाचांवर, काठीच्या आधारानं वाघरीपर्यंत आला. जाळी त्यानंच उघडली. गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत मेंढरं त्याच्या भोवतीभोवतीनंच चालली. ओढ्याच्या काठाला चिखल होता. तिथं त्याच्या टाचा रुतल्या, तोल गेला, आणि तो बाभळीला धरून उभा राहिला.

"जा आता," तो म्हणाला. "हितनं पुढं मला न्हाई जमत."

सारजा पाण्यातून पलीकडं गेली. चार मेंढरं तिच्यामागं पाण्यात गेली, बाकीचा कळप उतरेना. म्होरकी मेंढी काठावर थांबून सुग्रीवकडं बघत होती, तिच्यामागं सगळ्याच.

"ह्यॅ, ह्यॅ! चल, चल पुढं!" तो ओरडला. आवाज ऐकताच पाण्यात गेलेली चार मेंढरंही वळून त्याच्याकडं आली. तो पुन्हा ओरडला. आणखी जमली, त्याच्या गुडघ्यांना अंगं घासू लागली.

"आवं," सारजा पलीकडून म्हणाली, "तुमी बोलू नगा."

त्याला लगेच कळलं नाही. मग कळलं. काठी टेकत, एकेक टाच उपसत तो काठावरून मागं गेला, बाभळीच्या पलीकडं खाली बसला आणि दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. सारजानं परत येऊन म्होरकीच्या पाठीत काठी घातली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जोरात. तेव्हा कुठं कळप पाण्यात उतरला.