फोटोतला कोपर

साहेब, आरोप सरळ आहे. पुलगावच्या रक्षा थूलला तुम्ही चोर ठरवलं, आणि तेही तिनं विमानाचं तिकीट काढायच्या आधी. तुम्ही म्हणजे कोण, ते तुम्हाला बरोबर ठाऊक आहे. परदेशातल्या त्या विमानतळावर काचेमागं बसता आणि पासपोर्ट असा झटकता, जणू त्यातून खोटेपणा खाली पडणार आहे. देशाचं नाव घेत नाही. घेऊन उपयोग काय? तुमच्या सगळ्यांच्या काचा एकाच कारखान्यातल्या. तुमच्याकडचा माणूस पाठीवर पिशवी टाकून आमच्याकडं येतो, सेवाग्रामला चरख्याजवळ फोटो काढतो, पोरं त्याच्यामागं 'हॅलो हॅलो' करत पळतात, आणि बाबा रे, परत जाशील ना, असं त्याला कोणी विचारत नाही. आमच्या पोरीनं मात्र आपल्या माणसाला भेटायचं म्हटलं, की आधी सिद्ध करायचं की तो आपला आहे. मग लगेच हेही सिद्ध करायचं की इतकाही काही आपला नाही, की आम्ही तिथंच राहून जाऊ. या दोन्ही गोष्टी एकाच तोंडानं कशा सांगायच्या, ते एकदा तुम्हीच करून दाखवा.

रक्षा तशी स्वतःही काचेमागं बसणारी. पुलगावातल्या एका पतसंस्थेत कॅशियर. लोकांच्या सह्यांवर संशय घेणं हा तिचा पगारी धंदा. तिचा माणूस म्हणजे नीलेश, अल्लीपूरच्या भैयाजी किराणावाल्यांचा मुलगा. वर्ध्याच्या कॉलेजात दोघं एका वर्गात होते, तिथून हे सुरू झालं. पुढं तो कॉम्प्युटरच्या नोकरीवर परदेशी गेला, ही पुलगावात राहिली, आणि प्रेम मोबाइलच्या चार्जिंगवर जगू लागलं.

व्हिसाच्या अर्जासोबत दोघांचे एकत्र फोटो मागितले होते. सहा वर्षांचं प्रेम, फोटो किती निघाले? कॉलेजच्या गॅदरिंगचा एक, त्यात चाळीस माणसं. आणि एक केळझरचा.

त्या केळझरच्या फोटोचं ऐका. नीलेश सुटीवर आला होता. नोकरी लागली म्हणून त्याच्या आईनं गणपतीला बोललेला नवस फेडायला सगळं घर केळझरला गेलं. "तू पण येजो, दुरून तरी पाहू एकमेकाले," असं त्यानं रक्षाला सांगितलं. ती गेली. देवळाच्या पायरीवर घरचे फोटोला उभे राहिले, ती चालत चालत जवळ पोचली, तेवढ्यात नीलेशनं कमरेजवळून हात हलवला. जरा बाजूला हो. ती झाली. पण फोटो काढणाऱ्यानं बटण आधीच दाबलं होतं. भैयाजी आले, सुलोचनाबाई आल्या, प्रसादाचं ताट आलं, आणि कडेला रक्षाचा एक कोपर आला.

"तोच टाकू ना," नीलेश फोनवर म्हणाला होता. "फॅमिली फोटो हाय, वजन पडते."

"त्याच्यात मी कुठी हाओ?"

"कोपर हाय ना."

तरी व्हिसा मिळाला. का मिळाला, ते देणाऱ्यालाच ठाऊक. पण नीलेशनं लगेच भीती घातली. व्हिसा म्हणजे फक्त दारापर्यंत यायची परवानगी, आत घ्यायचं की नाही ते काचेमागच्या साहेबाच्या मनावर. कोणाला कसं रडत रडत परत पाठवलं, याचे व्हिडिओ तो रोज धाडायचा. रक्षाची झोप उडाली. अडीच वर्षांनी दोन आठवडे मिळणार होते, आणि ते एका अनोळखी माणसाच्या मर्जीवर अवलंबून.

तेव्हा बंडूजी पुढं सरसावले. बंडूजी म्हणजे रक्षाचे वडील. दारूगोळ्याच्या डेपोत त्यांनी जन्मभर नोकरी केली. रोज सकाळी गेटवर खिसे उलटे करून दाखवायचे. काडीपेटी बाहेर, मोबाइल बाहेर, मग माणूस आत. निवृत्त होऊनही ते देवळाच्या दारात, दवाखान्याच्या दारात, लग्नाच्या मांडवाच्या दारातसुद्धा क्षणभर हात वर करून थांबायचे. गेट पार करायची विद्या आपल्याइतकी कोणाला येत नाही, यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

ते घराच्या खिडकीमागं खुर्ची टाकून बसले. रक्षा अंगणात, गजाबाहेर.

"नाव?"

"बाबा, पासपोर्टवर लिहून हाय."

"उलटून बोलशीन तर तिथूनच वापस. नाव?"

"रक्षा बंडूजी थूल."

"कायले आली?"

"भेटाले."

"कोणाले?"

"नीलेशले."

बंडूजींनी पासपोर्टचं पान उलटलं, पुन्हा सुलटं केलं. पुढचा प्रश्न पोरीला विचारायचं धाडस या बापाला सहा वर्षांत झालं नव्हतं. साहेबाच्या खुर्चीत बसल्यामुळं आज झालं.

"तो तुहा कोण लागते?"

शेजारच्या अनुसयाबाई कपडे वाळत घालायच्या निमित्तानं भिंतीशी उभ्याच होत्या.

"चुलतभाऊ सांग वं," त्या म्हणाल्या. "भावाले भेटाले आली म्हटलं का कोणी नाई अडवत."

"काकू, आडनावं पाहतीन ना ते."

"गोऱ्याइले काय समजते आपले आडनावं?"

"गोऱ्याइले नाई समजत," आतून रक्षाच्या आईचा, धुरपताबाईंचा आवाज आला. "अल्लीपुरात बराबर समजते."

अनुसयाबाईंना अचानक आठवलं की दूध उतू जात असेल.

धुरपताबाई खोटं बोलत नव्हत्या. रक्षा एकदाच अल्लीपूरला गेली होती, नीलेशची मैत्रीण म्हणून, आणखी दोन मैत्रिणींसोबत. सुलोचनाबाईंनी आधी तब्येत विचारली, मग शिक्षण, मग आडनाव. थूल म्हटल्यावर त्या "बरं बरं" म्हणाल्या. चहा आला. दोघींना कपबशीत, हिला कागदाच्या कपात. नंतर नीलेश म्हणाला, "आईले वाटलं तुले बस पकडाची घाई हाय." साहेब, तुमच्या शिक्क्याला निदान शाई लागते. आमच्याकडं कागदाचा कप पुरतो.

तालीम पुढं चालू राहिली. 'फ्रेंड' म्हणायचं की 'पार्टनर', यावर तीन दिवस वाद झाला.

"पार्टनर म्हंजे?" धुरपताबाईंनी विचारलं. "दुकान काहाडलं काय तुम्ही दोघाइनं?"

"आई, म्हंजे ज्याच्याशी लग्न कराचं हाय तो."

"मंग करा ना. कोणी धरून ठेवलं?"

"पुढच्या वर्षी म्हणते तो."

"ते पुढचं वर्ष त्याच्या कॅलेंडरात येते का नाई कधी?" त्यांनी आवाज खाली आणला. "आन मी गल्लीत काय सांगू? पोरगी दोन हप्ते कोणाच्या घरी राह्यली म्हणून सांगू?"

रक्षानं नीलेशला फोन केला तर तो म्हणाला, "फ्रेंड म्हण. सेफ राह्यते."

"तुह्या घरीही फ्रेंडच हाओ मी."

"तेच तं. दोनी जागी एकच सांगितलं का गडबड नाई होत."

निघायच्या दिवशी बॅग धुरपताबाईंनी भरली. रक्षाला जवळ येऊ दिलं नाही. "मी बराबर बसवलं, तू हात लावू नको, मोडून टाकशीन," म्हणत त्यांनी चेन ओढली. स्टेशनवर बंडूजी लेकीच्या डोक्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले, "इचारलं तेवढंच सांगजो, बेटा. पण खोटं नोको सांगजो. गेटवर खोटं बोलणारा माणूस चालतानी ओयखू येते."

आता तुमची पाळी, साहेब.

रात्रभर विमानात तिनं दोन्ही उत्तरं घोकली, वडिलांचं आणि नीलेशचं. मग ती काचेसमोर आली. तुम्ही विचारलंत, "कोणाला भेटायला?" तिनं नाव सांगितलं. "तो तुमचा कोण?" घरच्या खिडकीमागं बसलेले बंडूजी तिला दिसले, आणि तोंडातून खरंच निघून गेलं. "आम्ही लग्न करणार आहोत. तारीख ठरलेली नाही."

तुम्ही बाजूच्या खोलीकडं बोट दाखवलंत.

खोलीत टेबलावर बॅग उघडली गेली. जवसाच्या चटणीचा डबा तुम्ही हुंगलात आणि शिंकलात. सांडग्यांची पुडी दिव्यासमोर धरलीत. आणि त्याच्या खाली ते निघालं. कोरी पांढरी साडी. पांढऱ्या शर्टाचं कापड. दोन मेणबत्त्या. आणि टॉवेलात गुंडाळलेली, बुद्धांची आणि बाबासाहेबांची तळहाताएवढी एक फ्रेम. आमच्या बौद्ध घरांत लग्न लागायला एवढं पुरतं. वर तोंडानं वंदना म्हणायची, झालं. धुरपताबाईंनी पुढच्या वर्षाचा प्रश्न बॅगेत भरून धाडून दिला होता.

अनुसयाबाई जन्मभर शेजारी राहिल्या, पण ह्यांच्या नवऱ्या पांढरं का नेसतात हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलं नाही. तुम्हाला मात्र एका नजरेत कळलं. पांढरा पोशाख, नवरी. तुमच्याकडंही तसंच असतं म्हणतात.

"लग्न करायला आलात?"

"नाही. हे माझ्या आईनं ठेवलंय."

"तुमच्या आईचा बेत काय आहे?"

या प्रश्नाचं उत्तर पुलगावात कोणालाच देता आलं नसतं. तेव्हा तुम्ही नीलेशचा नंबर फिरवलात आणि फोन टेबलावर ठेवलात, आवाज मोठा करून.

"ही बाई तुमची कोण?"

"फ्रेंड, सर. कॉलेजची फ्रेंड."

"तुम्ही हिच्याशी लग्न करणार आहात का?"

"नो, नो! नो सर. असलं काही नाही."

"पुढं कधी?"

"नाही सर. कधीच नाही."

"ती तर म्हणते, करणार आहात."

"तिचा काही तरी गैरसमज झाला असेल, सर."

तुम्ही रक्षाकडं पाहिलंत. त्या नजरेत आता संशय नव्हता, कीव होती. जिला ठेवून घेणारा कोणी नाही, ती मुकाट्यानं परत जाणार, हा हिशेब तुम्हाला पटला. ठप्प. शिक्का पडला. साडीची घडी मात्र तुमच्या माणसानं चुकीची घातली, ती रक्षानं तिथंच उभं राहून पुन्हा नीट घातली.

बाहेर नीलेश पिवळी फुलं घेऊन उभा होता. जाड झाला होता. गालावर अल्लीपूरचंच हसू होतं, आणि ते पाहून तिचं काळीज हललं, हे नाही म्हणून कसं चालेल? एवढ्यासाठीच तर ती आली होती.

"पाह्यलं?" तो फुलं तिच्या हातात देऊन बॅग घेत म्हणाला. "कसं सांभाळून घेतलं! मी हो म्हटलं असतं तं त्यानं तुले तिथूनच वापस धाडलं असतं. काय वं, लग्नाचं काऊन सांगितलं तू? पागल झाली काय?"

"बराबर हाय तुहं," रक्षा म्हणाली.

आणि खरंच बरोबर होतं. त्या 'नाही'वरच ती आत आली होती. त्याच्या जागी शहाणा माणूस दुसरं काही बोलला नसता. पण कॅशियरच्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. खोटी सही करणाऱ्याचा हात अडखळत चालतो, मधे उचलला जातो, पुन्हा टेकतो, हे ती रोज पाहायची. खरी सही सरसर होते. नीलेशचा आवाज कुठंच अडखळला नव्हता. सहा वर्षांत तिच्या कोणत्याच प्रश्नाला त्यानं इतक्या सरसर उत्तर दिलं नव्हतं.

"एक सांग," ती चालता चालता थांबली. "ते साहेबासाठी होतं का..."

त्याचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पडद्यावर नाव होतं 'आई'.

"एक मिनिट," नीलेश म्हणाला. बॅग खाली ठेवून फोन वर धरला, केसांवरून हात फिरवला, आणि मग मोकळा हात कमरेजवळून हलवला. तोच, केळझरचा. "जरा बाजूला हो न."

ती झाली. सवयीनं एक पाऊल मागं गेली. पडद्यावर सुलोचनाबाई उगवल्या, मागं किराणा दुकानाच्या बरण्या.

"विमानतळावर गेलता म्हणे तू? कोण येऊन राह्यलं रे?"

"ऑफिसचा एक जण हाय, आई. गेस्ट."

रक्षानं हातातली फुलं बॅगेवर ठेवली. मग जिथून मागं गेली होती तिथं परत आली, आणि आणखी एक पाऊल पुढं. आधी पडद्यात तिचा कोपर आला. मग खांदा. मग सगळीच.

"जय भीम, काकू," ती म्हणाली. "ओयखलं काय? कागदाच्या कपातला चहा पेली होती मी तुमच्या घरी."

बरण्यांच्या पुढचा चेहरा तसाच राहिला. क्षणभर वाटलं रेंज गेली. मग आवाज आला, "नील्या, हे कोण होय रे?"

नीलेशनं फोन खाली करायला घेतला. रक्षानं त्याचं मनगट धरलं. जोरानं नाही, पण सोडलंही नाही. आजूबाजूनं माणसं गाड्या ढकलत जात होती, कोणी कोणाला मिठ्या मारत होतं, आणि या दोघांमधे अल्लीपूरचं दुकान उजेडात लकाकत होतं.

"रक्षे, नोको ना इथी," तो हळू आवाजात म्हणाला. "घरी जाऊन बोलू."

"कोणत्या घरी?"

त्यानं मनगट ओढून पाहिलं.

"बॅगेत आईनं पांढरी साडी ठेवली हाय. साहेबानं पाह्यली, त्याले समजली. आता तुही आई इचारून राह्यली, मीही इचारतो. इथी काच नाई, शिक्का नाई, मले वापस धाडणारं कोणी नाई. कोणासाठी खोटं बोलाची गरज नाई तुले." तिनं फोनवरची नजर काढून त्याच्याकडं पाहिलं. "सांग नीलेश. दोघीइच्याही समोर सांग. मी तुही कोण?"