नमुन्याची काठी

मॅडमनी पेल्यातलं पाणी दोन्ही तळव्यांवर ओतलं, हात झटकले नाहीत, आणि तशाच ओल्या हातांनी काठीची मूठ धरून अंगाचा भार तिच्यावर टाकला. मूठ मासोळीसारखी निसटली. सुनेनं पुढे होऊन कोपर सावरलं नसतं, तर सरकारी रुग्णालयाच्या भांडार अधिकारी लाकडाच्या भुश्शात बसल्या असत्या.

"हेच," त्या सावरत म्हणाल्या. "मागच्या नमुन्याचंही हेच झालं होतं. न्हाणीतून बाहेर येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचे हात कोरडे नसतात हो."

सुनेनं मान खाली घातली. रुग्णालयाच्या काठ्यांची ऑर्डर त्यांच्या कारखान्यालाच मिळाली होती. नमुना तेवढा पसंत पडायचा राहिला होता. आज तोही नापास झाला, तर ऑर्डर दुसरीकडे जाणार होती. आणि तिच्यामागोमाग कोपऱ्यातलं लाकूड कातायचं लेथ मशीनही. खरेदीदार कालच येऊन त्याच्या पोलादी अंगावर खडूनं ठसठशीत फुली मारून गेला होता. काल दिवसभर त्या कोपऱ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं.

भिंतीलगतच्या बाकावर सासरे बसले होते. कारखाना त्यांनी उभारलेला. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हापासून चालवायची सून.

"अहो, हातावर हात दिलेत तिनं पॉलिशचे," ते म्हणाले. "आरसा झालाय नुसता. भांग पाडून घ्या त्यात बघून."

"पण एवढं पॉलिश कशासाठी?"

"सरकारदरबारी जाणारी वस्तू नटूनथटून जावी, ही आमची रीत."

"आणि अटीच तशा आहेत ना, मॅडम," सून हळूच म्हणाली. "चकचकीत पॉलिश हवं म्हणून."

मॅडम रुमालानं बोट न् बोट पुसत राहिल्या.

"तो शब्द माझाच," त्या म्हणाल्या. "मी नवीन होते तेव्हा. तुमच्या जुन्या नमुन्यांची चमक पाहिली आणि वाटलं, चांगली काठी म्हणजे अशीच."

मग सासऱ्यांना हसू फुटलं.

"म्हणजे आम्ही घासलं म्हणून तुम्ही लिहिलंत, आणि तुम्ही लिहिलंत म्हणून आम्ही आणखी घासलं! दोन्ही विहिणींच्या मानपानात नवरीचा पाय घसरला की हो."

मॅडम हसल्या नाहीत, पण ओठांचा कोपरा हलला. पर्स खांद्याला लावून त्या निघाल्या आणि बाकाशी थबकल्या. सासऱ्यांच्या गुडघ्याला टेकून त्यांची स्वतःची काठी उभी होती.

"ही कुणी केली?"

"मीच. तिला कोण पॉलिश करतंय? जवसाचं तेल चोळलं, झालं. घरातली बाई ती, घरच्या कपड्यांत."

"जरा बघू?"

पेल्यात उरलेलं पाणी पुन्हा तळव्यांवर गेलं. मॅडमनी मूठ धरली, भार टाकला, दारापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. टक, टक, टक.

"सुटत नाही," मॅडम म्हणाल्या. "सगळ्या अशा जमतील?"

"जमतील." सून लगेच म्हणाली. "या तर सोप्या आहेत उलट."

"मग हाच नमुना मंजूर. पॉलिशची अट मी बदलून घेते. मीच घातली, मीच काढते."

त्यांनी काठीला दोरा बांधला, गाठीवर लाख लावून शिक्का उठवला.

"अहो, पण ती माझी..."

"मंजूर नमुना आमच्याकडे राहतो, आजोबा. प्रत्येक काठी त्याच्याशी ताडून घ्यायची असते. माल पोचला की परत मिळेल."

"घ्या! पायच सरकारजमा झाले माझे!"

गाडीचा आवाज दूर गेला, तशी सून खालीच बसली, भुश्शात. हसली, डोळे पुसले, पुन्हा हसली. गालाला भुस्सा चिकटला, तरी तिला पत्ता नव्हता.

"बाबा, तोवर ही घ्या." तिनं चकचकीत काठी पुढे केली.

"नको गं बाई. पडायची हौस नाही मला."

"मग माझा हात धरा."

सासऱ्यांनी आजवर कुणाचा हात धरला नव्हता. ते स्वतःच उठले. बाक धरला, मग फळीची कड, मग लेथ मशीन. तिथं ते थांबले. दम लागला असेल. पंजा पसरून त्यांनी त्या थंड पोलादावर ठेवला, थोडा इकडे, थोडा तिकडे सरकवला.

मग तोच हात उचलून त्यांनी सुनेच्या खांद्यावर ठेवला.

"चल," ते म्हणाले. "लाकूड मागवायला हवं."

दारातल्या उजेडात तिला आपल्या खांद्यावर खडूची पांढरी बोटं उमटलेली दिसली. तिनं ती झटकली नाहीत.