अळणीच्या हातचं

बबडीने चमच्यासमोर आधी ओठ घट्ट मिटून घेतले. मग कंटाळून घास तोंडात घेतला आणि दुसऱ्याच क्षणी उकडलेल्या गाजराचा सगळा लगदा फुर्रकन आईच्या अंगावर उडवला.

"एवढंसं पोर, पण त्यालासुद्धा जीभ आहे," दारात उभ्या असलेल्या सासूबाई म्हणाल्या. "आण इकडे, अळणी. मी बघते."

लग्नानंतर सुनेने या घरात केलेल्या पहिल्याच भाजीत मीठ घालायचं राहिलं होतं. तेव्हापासून तिचं नाव अळणी पडलं ते पडलंच. पाहुण्यांसमोरही अळणीच. नवरा सुरुवातीला हसायचा, पुढे त्याला ते ऐकू येईनासं झालं. नवऱ्यांचे कान फार सोयीचे असतात.

वाटी जरा कोमट करून आणते म्हणून सासूबाई आत गेल्या आणि परत आल्या. त्यांच्या मांडीवर बसताच बबडीने आ वासला. घासामागून घास गेला आणि वाटी चाटूनपुसून स्वच्छ झाली. सुनेने अंगावरचं गाजर ओल्या फडक्याने पुसलं. डाग काही गेला नाही.

तिची रजा संपत आली होती. सोमवारपासून तिला पुन्हा दवाखान्यात जायचं होतं. तिथे ती बाळांची वजनं करायची आणि त्यांच्या आयांना समजावायची, वरचं खाणं सुरू करताना साखर नको, मीठ नको, वर लोण्याचा गोळा नको, गाजराला गाजराचीच चव लागू दे. कितीतरी जणींनी तिचं ऐकलं होतं. ऐकत नव्हती ती फक्त तिची स्वतःची पोरगी. अंगावरचं दूधही आटत चाललं होतं. आत्ताच माझ्या हातचं खात नाही, तर दिवसभर बाहेर राहिल्यावर मला ओळख तरी दाखवेल का, या भीतीने तिला नीट जेवण जात नव्हतं.

एका दुपारी भरवता भरवता दार वाजलं, म्हणून सासूबाई उठल्या. वाटीत थोडं उरलं होतं. सुनेने वाटीच्या कडेवरून बोट फिरवून सहज चाटलं. आधी गोड लागलं, मग खारट, आणि मग जिभेवर लोणी पसरलं. खरं सांगायचं तर फार छान लागलं. तिला आणखी एक बोट घ्यावंसं वाटलं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

"आई, यात काय घातलंत?"

"घालायला हवं ते." सासूबाई जराही दचकल्या नाहीत. उभी हयात त्यांनी एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करण्यात घालवली होती. "नवं गिऱ्हाईक आलं ना, की मी त्याचा पहिला घास सांभाळायचे. एकदा जिभेला गोडी लागली की ते दुसऱ्याचा उंबरा चढत नाही."

"ती गिऱ्हाईक नाही हो. वर्षाचीसुद्धा झाली नाहीये अजून."

"मग तर बरंच. जितकं कोवळं तितकं पक्कं." त्यांनी बबडीचं तोंड पुसलं. "तू जा दवाखान्यात, लोकांची पोरं तोल. ज्याच्या हातचं खातं, त्याचं पोर."

संध्याकाळी तिने नवऱ्याच्या कानावर घातलं.

"तुमचं तुम्ही बघा बाई, मला मध्ये घेऊ नका," तो म्हणाला आणि चव न बघताच ताटातल्या भाजीवर मीठ भुरभुरवू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेने गाजर उकडलं, कुस्करलं आणि साखरेचा डबा उघडला. किती घातलं तर काय होतं हे तिच्याइतकं त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. सासूबाई घालत असतील त्याहून जास्त साखर तिने घातली. मीठही घातलं, लोणीही. बबडीने पहिल्या घासाला कपाळाला आठ्या घातल्या, दुसऱ्याला तिच्याकडे पाहिलं आणि तिसऱ्याला तिचं मनगटच धरून चमचा तोंडाकडे ओढला. सुनेला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. लाज नंतर वाटली, तीही थोडीशीच.

सासूबाई कसल्या मागे राहतायत! त्यांनीही हात सैल सोडला. इकडे एक चिमूट वाढली की तिकडे दोन वाढायच्या. दोघींचं भांडण बबडीच्या पोटात शिजत होतं. ती दर घासाला पाण्यासाठी हात करायची, पोट कडक होऊन कुंथायची, किरकिरायची. आणि वाटी दिसली की हसायची.

शेवटी एकदा सासूबाईंनी सुनेच्या वाटीत बोट बुडवलं. चाखलं मात्र, त्यांना ठसका लागला.

"अगं, लेकरू आहे ते! एवढं मीठ?"

सासूबाई खाली बसल्या. चेहरा उतरला होता.

"हे बघ सूनबाई, माझं चुकलं. उद्यापासून दोघींनीही साधंच द्यायचं. आधी मी देते. पोरीचे हाल नकोत."

त्या घरात तिला आजवर कुणीच सूनबाई म्हटलं नव्हतं.

"बरं, आई," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सासूबाईंनी गाजर नुसतं उकडून, आपल्या हाताने मऊसूत केलं. बबडीने एक घास चाखला आणि मान फिरवली. त्यांनी चिऊ दाखवली, काऊ दाखवला, टाळ्या वाजवल्या. बबडी रडून लालबुंद झाली आणि त्यांच्या छातीवर हातपाय झाडू लागली.

"खा गं माझे राणी. एकच घास."

सून आपली वाटी घेऊन आली आणि तिने बबडीला उचलून घेतलं. चमचा पुढे होताच रडणं थांबलं. एक घास गेला, दुसरा गेला.

"साधंच आहे ना गं?" सासूबाईंनी वाटीकडे बोट नेलं.

सुनेने वाटी बाजूला घेतली. "उष्टं करू नका, आई. साधंच आहे."

सासूबाईंनी हात मागे घेतला. मांडीवरची आपली भरली वाटी त्यांनी खाली ठेवली.

"मग माझ्याच हातचं का खाईना गं ती?"

सुनेने चमचा काठोकाठ भरला. बबडीने घास गिळला आणि पाण्याच्या पेल्याकडे हात केला.