नानांची दुनळी

नानांनी बंदूक मांडीवर आडवी घेतली, नळ्यांखालचा लाकडी तुकडा अंगठ्याने दाबून काढला, वरची कळ सरकवली आणि नळ्या अलगद उतरवून बाजेवरच्या धोतरावर ठेवल्या. बंदुकीचे तीन तुकडे झाले. ओट्यावर बसलेल्या सुनेच्या, हेमांगीच्या मांडीवरून आठ महिन्यांची चिऊ त्या चकचकीत पोलादाकडे झेपावली.

"येऊ दे तिले," नाना म्हणाले. "रिकामी आहे. हे पाह्य बाई, तित्तर."

चापाच्या वरच्या पट्टीवर दोन तित्तर कोरलेले होते, गवतातून उडता उडता थबकल्यासारखे. शंभरेक वर्षांपूर्वी विलायतेत कुणीतरी डोळ्याला भिंग लावून त्यांचं पीसन् पीस काढलं होतं. चिऊने डाव्या हाताचं बोट त्यांच्यावर टेकवलं. दाराशी मेथी निवडत बसलेल्या तिच्या सासूबाई, लताबाई उठल्या, नातीचा डावा हात हळूच मागे केला, उजवा पुढे आणला आणि पुन्हा मेथीच्या जुडीकडे वळल्या. दिवसातून दहादा त्या हे करत. हेमांगीने त्यावर बोलणं आता सोडून दिलं होतं.

नाना कापडाचा बोळा तेलात बुडवून नळीत सारत होते. हात थरथरत होता, पण नळीच्या तोंडाशी आला की निमूट व्हायचा.

एके काळी या घरात तीन दुनळ्या होत्या, तिन्ही विलायती. नानांना त्यांचं वेडच होतं. केळीचा भाव विचारायला भुसावळला जावं आणि कुणा निवृत्त रेल्वे साहेबाच्या घरी बंदूक बघत दुपार घालवावी, असा माणूस. एकाला दोनच बंदुका असा नियम आला तेव्हा एक गेली. डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा दुसरी. ही तिसरी तेवढी राहिली होती आणि तिच्या परवान्याची मुदत याच महिन्यात संपत होती. या वयात पुन्हा नाव चढणार नाही, वारसाच्या नावावर करून घ्या, असं कचेरीत सांगितलं होतं. सुरतेला दिलेली मुलगी कामिनी फोनवर नको म्हणाली. धुळ्याला देवपुरात राहणारा, कॉलेजात शिकवणारा मुलगा भूपेंद्र तर हसलाच होता.

"नाना, आमच्या घरात रांगतं पोर आहे. आणि तिसऱ्या मजल्यावर डुकरं येत नाहीत."

तो चुकीचं बोलत नव्हता. हेमांगीलाही देवपूरच्या कपाटात बंदूक नको होती. म्हणून ठरलं होतं ते असं, की सोमवारी सकाळी भूपेंद्र, हेमांगी आणि चिऊ पहूरहून परत निघतील तेव्हा नाना सोबत येतील आणि धुळ्यातल्या बंदुकीच्या दुकानात दुनळी सोडून येतील. आज शनिवार होता. नाना तिला पुसत होते, ते मुलीला सासरी धाडताना वेणीफणी करावी तसं.

शेजारचा निंबा तंबाखू मळत कुंपणापाशी आला.

"नाना, डुकरं इचारून रायली, निरोप समारंभ कवा आहे? बठ्ठी, एकूनएक येनार म्हने. त्यांच्यातलं एकबी गेलं नाही तुमच्या हातून, मोठी माया आहे त्यांची."

"तू तं गेला असता एकडाव," नाना म्हणाले. "तवा डावीकडंच उभा होता."

निंबा खो खो हसला. नानांचा बार हातभर डावीकडे जातो हे गावाला पाठ होतं. खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता एका अंगाला जरा वाकलेला होता. खानदेशच्या उन्हानं लाकूड फिरलं, असं सगळे म्हणत. नाना मात्र दोष आपल्या हाताला देत. बंदुकीला वाकडं म्हटलेलं त्यांना खपत नसे.

महिनाभरापूर्वी चिऊ झोपली असताना हेमांगीने एक काम केलं होतं. नळीवरचा आकडा आणि कारखान्याचं नाव नानांनी कागदावर लिहून दिलं होतं. तिने त्या कारखान्याला ई-मेल पाठवला. जुन्या वह्यांत बघून ते लोक सांगतात, असं तिच्या वाचनात आलं होतं. दुपारी, चिऊला पाजता पाजता एका हाताने फोन चाळताना तिला उत्तर दिसलं. तिने ते दोनदा वाचलं आणि चिऊला खांद्यावर टाकून तशीच ओट्यावर आली.

"नाना, विलायतेहून आलं."

नाना ताडकन उठून बसले. जेवायला टेकलेला भूपेंद्रही ताट घेऊन दारात आला.

"सन एकोणीसशे सत्तावीस," हेमांगी फोनमधलं सावकाश मराठीत सांगत गेली. "ही बंदूक त्यांनी एका बाईंसाठी बनवली. बाईंचं माप घेऊन. दस्ता आखूड ठेवला. आणि..." ती थांबली. "बाई डावखुऱ्या होत्या. म्हणून दस्ता मुद्दाम डावीकडे वळवलेला आहे. डाव्या खांद्याला लावायचा. तसाच घडवलाय, नाना. वाकलेला नाही."

नाना बराच वेळ दस्त्यावरून हात फिरवत राहिले. मग त्यांना हसू फुटलं. खोकला येईपर्यंत हसले.

"म्हंजे पंचेचाळीस वर्सं मी एका बाईचं पोलकं घालून हिंडलो आन् म्हनलं, बाही कशी काचते!"

भूपेंद्रला ठसका लागला. लताबाई मात्र हसल्या नाहीत. पदराला हात पुसत त्या आत गेल्या आणि बराच वेळ आतून भांड्यांचा आवाज आला नाही.

हसून झाल्यावर नानांनी तिन्ही तुकडे पुन्हा जोडले. कळ बसल्याचा बारीक आवाज झाला, तसे ते हेमांगीकडे न बघता म्हणाले, "समजली कवा, तं जायच्या टायमाले."

भूपेंद्र ताट घेऊन आत गेला. हेमांगीच्या मनात आलं, आपण ई-मेल पाठवलाच नसता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी नानांनी शेतावर जायचं काढलं. दोन काडतुसं शिल्लक होती. दुकानात रिकामी बंदूकच द्यावी, शेवटचे दोन बार डाव्या खांद्यावरून काढून बघावेत, असं त्यांना वाटलं. त्यांना एकटं कोण सोडणार? सगळेच निघाले. वाघूर नदीच्या अंगाला केळीचा बाग होता आणि त्याच्या पलीकडे पऱ्हाटी उपटून मोकळं झालेलं रान. मागे उंच मातीचा बांध. नानांनी बांधावर एक सडलेलं डांगर, म्हणजे लाल भोपळा, ठेवायला लावलं. चिऊला घेऊन भूपेंद्र लांब विहिरीच्या खोलीआड थांबला, तिची कानटोपी पार गालांपर्यंत ओढून.

नानांनी एक काडतूस भरलं. बंदूक डाव्या खांद्याला लावली. ती चांगली बसली, हे हेमांगीलाही लांबून कळलं. पण डाव्या हाताच्या बोटाला चाप ओळखीचा नव्हता, आणि उजव्या हातात तेवढं वजन तोलण्याचा जोर नव्हता. नळ्यांची टोकं वाऱ्यावरच्या पानासारखी हलत होती. बार निघाला. बांधाच्या माथ्यावरची वाळकी कुसळं उडाली. डांगर होतं तिथंच बसून राहिलं.

"हात त्या बाईचा पाहिजे व," नाना म्हणाले. रिकामं काडतूस काढून त्यांनी खिशात टाकलं. "जाऊ द्या. चला."

"अजून एक आहे ना," लताबाई म्हणाल्या.

"आहे. पन कायले?"

"द्या इकडं."

नानांना वाटलं, सामान उचलायला मागते आहे. त्यांनी बंदूक दिली. लताबाईंनी चप्पल काढून ठेवली. पदर कमरेला खोचला. कळ सरकवून बंदूक मधोमध दुमडून उघडली, आत बघितलं, हात पुढे केला. नानांनी दुसरं काडतूस त्या हातावर ठेवलं. डावा हात होता तो.

बंदूक वर आली ती त्यांच्या खांद्यात जाऊन बसली. शोधावं लागलं नाही. लताबाईंनी गाल लाकडाला टेकवला, एक पाय मागे घेतला. पोळी तव्यावर टाकताना त्यांचा चेहरा असे, तसाच होता तो, दुसरीकडे कुठे लक्ष नसलेला.

बार झाला. केळीतून बगळे उठले. बांधावर डांगराचा नुसता देठ राहिला होता.

विहिरीआडून चिऊच्या रडण्याचा आवाज आला आणि भूपेंद्रच्या "काही नाही, काही नाही"चा. हेमांगी तिकडे वळली, पण पाय निघेनात.

"आई," ती म्हणाली, "तुम्ही..."

"एका साली यांले कावीळ झाली होती," लताबाई हेमांगीला म्हणाल्या; नानांकडे बघितलं नाही. "जळगावच्या दवाखान्यात वीस दिवस. मका उभी होती. डुकरं रोज. गडीमानसं घाबरत. मंग मीच येत होते, दिस बुडून झांजरलं की. पयले दोन-चार बार वाया गेले. मंग डाव्या खांद्याले लावली."

"मले तं सांगितलं, हवेत बार काढले म्हनून," नाना म्हणाले.

"मंग काय सांगू? तुमची बंदूक तुमच्यापेक्षा बरी चालवते?"

नाना पुढे आले. त्यांनी बंदूक घेतली नाही. फक्त दस्त्यावर, लताबाईंच्या हाताच्या वर, आपला हात ठेवला.

"खांद्याले लागली नाही तुले?"

"नाही. मले ती कवाच वाकडी वाटली नाही." लताबाई म्हणाल्या. "भुसावळले तुम्ही दोन दाखोल्या होत्या, लग्न झालं त्या साली. दोन्ही माह्या हातात देल्या आन् पुसलं, कोनती घेऊ. मी हीच म्हनलं."

"मले वाटलं, तित्तर आवडले."

"तित्तर तं त्या दुसरीवरबी होते."

लताबाईंनी बंदूक उघडून काडतूस काढलं, चप्पल पायात सरकवली.

"यांच्या मायनं पोया लाटताना हा हात पदरानं बांधला होता माहा, एक चातुर्मास," त्या चालता चालता हेमांगीला म्हणाल्या, भाजीत मीठ किती ते सांगावं तशा. "मंग त्या हातानं काय केलं, ते कोनाले सांगनार?"

रात्रीची जेवणं झाल्यावर नानांनी कपाटातून परवान्याचा फॉर्म काढला आणि चष्म्यासकट हेमांगीपुढे ठेवला.

"नाना, मी सांगितलं ना..." भूपेंद्र म्हणाला.

"तुले कोन इचारतं?" नाना म्हणाले. "हेमांगी, वारस कोन कोन चालते, ते वाच. पयल्यापासून."

हेमांगीने हा फॉर्म याआधी तीनदा वाचला होता. नवऱ्याला वाचून दाखवला होता, नणंदेला फोनवर सांगितला होता. वारस म्हणजे मुलं, हे सगळ्यांनी मनात धरूनच ठेवलं होतं. नजर सरळ मुलगा या शब्दावर जाऊन थांबायची. तिने यादीवर बोट ठेवलं. पहिलाच शब्द पत्नी होता.

तिने तो मोठ्याने वाचला. भूपेंद्रने फॉर्म तिच्या हातातून घेतला, स्वतः बघितला आणि खाली ठेवला. मग खिशातलं पेन काढून हरकत नसल्याच्या रकान्यात त्याने सही केली. "कामिनीताईची मी मागवतो," एवढंच म्हणाला.

"मले कोन देनार या वयात?" लताबाई आतून म्हणाल्या. पण भांडी घासणं थांबलं होतं.

"सहासष्ट वय आहे तुहं. डांगराले इचार."

रविवारी सकाळी अडचण निघाली ती फोटोची. फॉर्मला दोन फोटो हवे होते आणि लताबाईंचा एकटीचा फोटो घरात नव्हता. लग्नातला होता, कामिनीच्या लग्नातला होता, देवदर्शनाचे होते. सगळ्यांत शेजारी नाना. आधार कार्डावरच्या फोटोत त्या ओळखूच येत नव्हत्या. मग पहूरच्या बसस्टँडजवळ जीवरामचा स्टुडिओ होता तिथं सगळे गेले. लताबाईंनी निळी कोरी साडी नेसली होती. पांढऱ्या पडद्यापुढच्या स्टुलावर त्या बसल्या. नानांनी त्यांचा पदर नीट केला, टिकली सरळ आहे का बघितलं आणि सवयीने शेजारी उभे राहिले.

"नाना, तुम्ही बाजूला व्हा," जीवराम कॅमेऱ्यामागून म्हणाला. "एकट्या अक्कांचा पाहिजे."

नाना एक पाऊल सरले.

"अजून."

आणखी एक.

"नाना, कोपर येऊन रायलं."

नानांनी कोपर आवळून घेतलं. मग हात पाठीमागे बांधले आणि दारापर्यंत मागे आले, जिथे चिऊला घेऊन हेमांगी उभी होती. तिथेही त्यांना खात्री वाटेना. उंबरा ओलांडून ते पायरीवर, उन्हात उतरले. आत जीवराम म्हणत होता, "अक्का, तिकडं नाही, इकडं पाहा."

"हेमांगी," नाना हळूच म्हणाले, "आता तं नाही ना येत मी?"

"नाही, नाना."

"मंग काढा म्हना."